ईमेलची पत्तेवही : मांडणी आणि निगा

कागदी पत्तेवहीत एखाद्या नावाची भर पडायची, तर वहीच्या मालकाला लेखणी हाती घ्यावी लागे, या माणसाशी आपले पुन्हा काही काम पडणार आहे की नाही याचा क्षणभर का होईना विचार करावा लागे, आणि मगच ते नाव आपापल्या अक्षराच्या पानावर उतरत असे. ईमेलच्या पत्तेवहीने या विचाराची गरजच ठेवलेली नाही. चुकीच्या वीजबिलाबद्दल तक्रार-निवारण कक्षाला धाडलेले एक पत्र, जुने कपाट विकताना अनोळखी गिऱ्हाइकाला दिलेले दोन ओळींचे उत्तर, मुलाच्या प्रवेशाच्या धामधुमीत एखाद्या महाविद्यालयाच्या कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार, यांतला प्रत्येक पत्ता यंत्र आपल्या मनाने टिपून ठेवते. आणि अशी दहा-पंधरा वर्षे लोटली म्हणजे, ज्यांची आपल्याला नित्य गरज त्यांची नावे, ज्यांची आता ओळखही पटत नाही अशांच्या गर्दीत हरवून जातात. ही वही पुन्हा कामाजोगी कशी करावी, एवढाच पुढील विवेचनाचा हेतू आहे. ते जीमेलच्या, म्हणजे १ एप्रिल २००४ रोजी सुरू झालेल्या आणि आज आपल्याकडे घरोघर रूढ असलेल्या टपालसेवेच्या, ‘गूगल कॉन्टॅक्ट्स’ नामक पत्तेवहीला अनुलक्षून केले असले, तरी आउटलुक, याहू किंवा रेडिफमेल यांचे खाते वापरणाऱ्यांनाही, बटणांची नावे तेवढी बदलून, त्यातले बरेचसे उपयोगी पडावे.

कोणतेही दप्तर आवरायला घेण्यापूर्वी त्याची नक्कल करून ठेवावी, हा जुना कारकुनी शहाणपणा इथेही सर्वांत आधी. संगणकावर ‘गूगल कॉन्टॅक्ट्स’ उघडून ‘एक्स्पोर्ट’ या शब्दावर टिचकी मारली की आपल्यापुढे तीन नमुने ठेवले जातात : गूगलचा सीएसव्ही, आउटलुकचा सीएसव्ही आणि व्हीकार्ड. पहिले दोन तक्त्याच्या स्वरूपाचे असून ते एक्सेलसारख्या साधनात उघडतात. तिसरा, व्हीकार्ड, हा गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात घडवला गेलेला आणि पुढे सर्वमान्य झालेला नमुना होय. त्याची तिसरी आवृत्ती १९९८ साली आणि चौथी २०११ साली प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली, आणि या चौथ्या आवृत्तीत यूटीएफ-८ हे युनिकोडचे रूप सक्तीचे केले गेल्यामुळे देवनागरी नावे एका यंत्रातून दुसऱ्यात जाताना विद्रूप होण्याचे भयही पुष्कळसे ओसरले. तक्ता वाचायला सोयीचा आणि व्हीकार्ड दुसरीकडे न्यायला सोयीचा, म्हणून दोन्ही उतरवून घ्यावेत, फायलीच्या नावात त्या दिवसाची तारीख घालावी, आणि त्या खात्याबाहेर कुठेतरी ठेवाव्यात. ज्या खात्याचे कुलूप हरवण्याची भीती, त्याच खात्यात किल्लीची नक्कल ठेवून काय साधणार?

नक्कल हाती आल्यावर निर्धास्तपणे कामाला लागावे. पानाच्या डाव्या बाजूला ‘अदर कॉन्टॅक्ट्स’ असा एक कप्पा दिसतो. आपण स्वतः कधीही न लिहिलेले, परंतु पत्रव्यवहाराच्या ओघात यंत्राने गोळा केलेले सारे पत्ते इथे असतात. बहुतेकांना या कप्प्याचा पत्ताच नसतो, आणि तरीही पत्र लिहिताना पहिली दोन अक्षरे टंकताच जी नावे आपोआप पुढे येतात त्यांत याच कप्प्यातल्या नावांचा भरणा असतो. एकदा शांतपणे बसून तो वरपासून खालपर्यंत वाचावा, जे पत्ते खरोखर हवेत त्यांना मुख्य वहीत घ्यावे आणि बाकीचे खुशाल काढून टाकावेत. हे तुंबणे मुळातच थांबवायचे असेल, तर जीमेलच्या ‘सेटिंग्ज’मधील ‘जनरल’ या पानावर ‘क्रिएट कॉन्टॅक्ट्स फॉर ऑटो-कम्प्लीट’ असा मथळा असून त्याखालचा दुसरा पर्याय, म्हणजे नवे पत्ते मी स्वतःच नोंदवीन असे सांगणारा, निवडावा. यामुळे थोडी गैरसोय होते हे खरे. पण ज्यांच्या हातून गोपनीय कागदपत्रे जातात अशा वकिलांनी, डॉक्टरांनी, हिशेबतपासनिसांनी ती पत्करावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण भलत्याच माणसाला गेलेले पत्र परत बोलावण्यासाठी जीमेल फार तर तीस सेकंदांची मुदत देते.

आता नावे कशी लिहावीत, या सर्वांत महत्त्वाच्या आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्नाकडे वळू. आपल्याकडच्या कोणत्याही मोबाइलमधली यादी उघडून पाहिली, तर ‘सचिन’, ‘सचिन प्लंबर’, ‘सचिन ३०२’, ‘सचिन नवीन’, ‘जोशी काका एलआयसी’, ‘बंड्याचे बाबा’, ‘आत्या पुणे’ अशी नावांची जी मालिका दिसते, तिच्यात प्रत्येक नाव त्या त्या दिवशीच्या घाईला अगदी शोभेसे असते. परंतु हीच यादी ईमेलच्या खात्याशी जोडली गेलेली असल्यामुळे, पत्राच्या ‘टू’ या चौकटीत ‘एस-ए-सी’ ही तीन अक्षरे उमटताच चारही सचिन एकाखाली एक उभे राहतात, आणि कार्यालयातल्या सचिनला पाठवायचे वेतनपत्रक सोसायटीतल्या सचिनच्या स्वाधीन व्हायला एका चुकलेल्या टिचकीपलीकडे काहीही लागत नाही. यावर उपाय सोपा आहे. नोंदीच्या पानावर पहिले नाव, मधले नाव, आडनाव, संस्था आणि हुद्दा यांसाठी निरनिराळ्या चौकटी दिलेल्या असतात. त्या ज्याच्या त्याला द्याव्यात. संस्थेच्या चौकटीत लिहिलेले नावही शोधताना सापडते, तेव्हा ते पहिल्या नावाला चिकटवण्याचे कारण उरत नाही. मात्र फोन वाजताना पडद्यावर नावच तेवढे ठळक दिसते, या व्यावहारिक कारणासाठी प्लंबर, इलेक्ट्रिशियन, गॅसवाले, पेपरवाले अशा मंडळींच्या नावापुढे त्यांचा व्यवसाय राहू द्यावा; ज्यांना आपण कधी पत्र लिहिणारच नाही त्यांच्या बाबतीत काटेकोरपणाचा अट्टाहास मला निरर्थक वाटतो.

‘श्री.’, ‘सौ.’, ‘डॉ.’, ‘अ‍ॅड.’ ही उपपदे पहिल्या नावाच्या चौकटीत घालण्याची खोड विशेषतः वयस्क गृहस्थांत आढळते. त्यामागचा आदर स्तुत्य असला, तरी त्याचा परिणाम असा होतो, की निम्मी वही ‘श्री’खाली गोळा होते आणि अकारविल्हे लावण्याचा सारा उद्देशच विफल ठरतो. उपपदांसाठी ‘प्रीफिक्स’ नावाची स्वतंत्र चौकट आहे, ती ‘शो मोअर’ म्हटल्यावर उघडते. आद्याक्षरांचेही तसेच. आपल्याकडे ‘वि. वा.’, ‘ग. दि.’, ‘पु. ल.’ अशा आद्याक्षरांनीच माणूस ओळखला जाण्याची परंपरा आहे, आणि ती मोठी गोड आहे. पण रोमन लिपीत हीच आद्याक्षरे कुणी टिंब देऊन लिहितो, कुणी टिंबाशिवाय, कुणी मध्ये जागा सोडतो, कुणी सोडत नाही, आणि यंत्राच्या दृष्टीने ही चार निरनिराळी नावे होतात. नोंद पूर्ण नावाने करावी आणि आद्याक्षरे ‘निकनेम’च्या चौकटीत ठेवावीत.

लिपी कोणती वापरावी, याविषयी मतभेद संभवतो. देवनागरीत नावे लिहावीत असे मनापासून वाटत असले, तरी जो मनुष्य संगणकावर रोमन कळफलकानेच टंकतो, त्याने देवनागरीत नोंदवलेले ‘कुलकर्णी’ रोमन अक्षरांनी शोधले असता ते हाती लागेलच याची शाश्वती नाही. म्हणून ज्या लिपीत आपण शोधणार त्या लिपीत मुख्य नाव लिहावे, दुसऱ्या लिपीतले रूप ‘निकनेम’मध्ये किंवा उच्चारासाठी दिलेल्या ‘फोनेटिक’ चौकटींत घालावे, आणि एकदा ठरवलेला शिरस्ता मग मोडू नये. रोमन वर्णलेखन मात्र आपल्या मताने करू नये. एकच दीक्षित दोन तऱ्हांनी लिहिले जातात, वाघांतले काही ‘व्ही’ने तर काही ‘डब्ल्यू’ने सुरू होतात, लक्ष्मीत कुणी ‘क्ष’साठी ‘एक्स’ घालतो. तो गृहस्थ स्वतःच्या पत्राखाली जशी सही करतो तसेच त्याचे नाव नोंदवावे, हाच एक खात्रीचा नियम. लग्नानंतर आडनाव बदललेल्या भगिनींच्या नोंदीत त्या आज जे नाव लावतात ते मुख्य ठेवून माहेरचे नाव ‘निकनेम’मध्ये लिहिले, तर शाळेतल्या मैत्रिणीला शोधताना वीस वर्षांनंतरही अडचण पडत नाही.

आणि एक सावधगिरीची सूचना, जी फार थोड्यांना ठाऊक असते. आपण नोंदीत जे नाव लिहितो, ते पत्र पाठवताना पत्त्याच्या जोडीने पत्राच्या शिरोभागात जाते आणि पुष्कळदा ज्याचे त्याला ते वाचता येते. तेव्हा वरिष्ठांची नोंद ‘खडूस साहेब’ किंवा घरमालकाची ‘कटकट’ अशा नावाने करून ठेवणाऱ्यांनी, आपला विनोद आपल्यापुरताच राहील या भ्रमात असू नये. ज्या नावाने हाक मारली असता तो मनुष्य ओ देईल, तेच नाव वहीत असावे.

दूरध्वनीचे आकडे लिहिताना आरंभी अधिकचे चिन्ह आणि देशाचा अंक, म्हणजे आपल्यासाठी +९१, अवश्य घालावा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार देशाच्या अंकासह एकूण आकडे पंधराहून अधिक असत नाहीत, आणि अशा पूर्ण स्वरूपात लिहिलेला क्रमांक जगात कुठूनही लागतो; उलट नुसते दहा आकडे लिहून ठेवलेला गृहस्थ मुलाकडे न्यू जर्सीला जाऊन तिथले सिम घालतो, तेव्हा त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपमधल्या नावांचा मेळ बसेनासा होतो आणि तो यंत्राला दोष देतो. घरच्या जुन्या तारेच्या फोनांना आरंभीचे शून्य गाळावे लागते, पुण्याचा ०२० हा अंक +९१ २० असा लिहिला जातो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. टपालाच्या पत्त्यात पिनकोड त्याच्यासाठी राखलेल्या चौकटीत घालावा, ओळीच्या शेवटी शहराला चिकटवू नये. डाक-तार खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पकतेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही सहा आकडी पद्धत देशात सुरू झाली. तिच्यातला पहिला आकडा विभाग दाखवतो, आणि महाराष्ट्र व गोव्याचे पिनकोड ४ ने सुरू होतात. तक्त्यात पिनकोडाचा रकाना निराळा असला, की लग्नपत्रिका किंवा दिवाळी अंक टपालाने धाडताना गावागावांचे गठ्ठे लावणे क्षणाचे काम होते.

एकाच माणसाच्या दोन-तीन नोंदी एकत्र करण्याची सोय ‘मर्ज अँड फिक्स’ या नावाने दिलेली आहे. यंत्र सारखी नावे, सारखे क्रमांक, सारखे पत्ते हुडकून एकीकरणाची सूचना करते, आणि सगळ्या सूचना एका टिचकीसरशी मान्य करण्याचा मोहही घालते. तो टाळावा. आपल्याकडे वडिलांचा फोन आणि एकच घरगुती ईमेल पत्ता सबंध कुटुंब वापरते, त्यामुळे नवरा-बायको, सासू-सून यांचीही यंत्राच्या लेखी एकच व्यक्ती होऊ शकते. सूचना एकेक वाचून मगच होकार द्यावा. जीमेलच्या वैयक्तिक पत्त्यांत ‘अ‍ॅट’ या चिन्हाच्या आधीची टिंबे जमेस धरली जात नाहीत, म्हणून टिंब असलेला आणि नसलेला असे दोन पत्ते दिसले तर ते एकाच पेटीचे आहेत असे निःशंकपणे समजावे. इतर सेवांच्या बाबतीत मात्र हे गृहीत धरू नये. एवढे करूनही घोटाळा झालाच, तर ‘अनडू चेंजेस’ या आज्ञेने सबंध वही मागील तीस दिवसांतल्या कोणत्याही क्षणाच्या स्थितीला नेता येते, आणि काढून टाकलेल्या नोंदीही तीस दिवसांपर्यंत टोपलीत शाबूत असतात. मात्र अनडूमुळे त्या क्षणानंतर आपण नव्याने लिहिलेली नावेही जातात, हे विसरू नये.

यानंतर वर्गवारी. जीमेलच्या पत्तेवहीत तिला ‘लेबल’ म्हणतात, आणि एका नोंदीला हवी तितकी लेबले लावता येतात. बहुतेक लोक उत्साहाच्या पहिल्या भरात ‘नातेवाईक’, ‘मित्र’, ‘ऑफिस’, ‘शेजारी’ अशी लेबले काढतात, सारी यादी त्यांत वाटून टाकतात, आणि पुढे त्यांतल्या एकाचाही उपयोग होत नाही. कारण सगळ्या नातेवाइकांना उद्देशून असे पत्र आयुष्यात कितीदा लिहिले जाते? या प्रश्नाचे मूळ माझ्या मते वर्गीकरणाच्या दिशेत आहे. माणसांचे प्रकार पाडू नयेत. आपण जी पत्रे लिहितो त्यांचे प्रकार आधी पाडावेत, आणि ज्यांना एकच पत्र एकाच वेळी जायचे आहे त्यांचे एक लेबल करावे. असा विचार केला की लेबले आपोआप थोडी होतात, आणि त्यांतले प्रत्येक कामाचे असते, कारण पत्राच्या ‘टू’ अथवा ‘बीसीसी’ चौकटीत लेबलाचे नाव टंकताच त्याखालचे सगळे पत्ते एकदम उतरतात.

उदाहरणादाखल गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसाचे काम घेऊ, कारण महाराष्ट्रात पत्तेवहीची सर्वाधिक कसोटी बहुधा याच मानद हुद्द्यावर लागते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, आणि उपविधींनुसार तिची सूचना चौदा दिवस आधी सभासदांच्या हाती पडावी लागते. ही सूचना सभासदांना जायची, भाडेकरूंना नाही. परंतु मंगळवारी टाकी धुण्यासाठी पाणी बंद राहील, हे कळवायचे ते जो प्रत्यक्ष त्या घरात राहतो त्याला. आणि घरमालक बंगळूरला किंवा मस्कतला असेल, तर त्याला ते कळवणे म्हणजे निष्कारण उपद्रव. म्हणजे इथे ‘सभासद’ आणि ‘रहिवासी’ अशी दोन लेबले हवीत. जो सभासद इथेच राहतो त्याला दोन्ही, दूर राहणाऱ्याला पहिले, भाडेकरूला दुसरे. कार्यकारिणीचे लेबल तिसरे. नोंदीच्या नावात सदनिकेचा क्रमांक घालण्याचा मोह चिटणिसांना हटकून होतो. त्याऐवजी तो संस्थेच्या चौकटीत ‘बी विंग ३०२’ असा लिहावा, म्हणजे सदनिका विकली गेल्यावर तो आकडा शोधताच जुनी नोंद सापडते, तिच्यावरची लेबले उतरवता येतात आणि नव्या मालकाची नोंद तिथल्या तिथे होते. हे हस्तांतराच्या दिवशीच करावे. पुढे करू म्हणून ठेवलेल्या नोंदीमुळेच, घर विकून गेलेला मनुष्य चार वर्षांनंतरही थकबाकीदारांच्या याद्या घरबसल्या वाचत असतो.

काही लेबले तात्पुरती असावीत. मुंज, लग्न, वास्तुशांत अशा कार्यासाठी आमंत्रितांचे लेबल काढले, तर कार्य आटोपल्यावर, आभारपत्रे गेली की ते काढून टाकावे. इथे एका जागी थांबून वाचण्याची गरज आहे : लेबल काढताना यंत्र दोन पर्याय विचारते, नोंदी राखून केवळ लेबल काढायचे, की लेबलासह त्याखालच्या सगळ्या नोंदीही. घाईत दुसरा निवडला गेला, की सारे सोयरेधायरे एका दमात टोपलीत जाऊन पडतात.

लेबल वापरून अनेकांना पत्र पाठवताना पत्ते ‘बीसीसी’च्या चौकटीत घालावेत, आणि ‘टू’मध्ये स्वतःचा पत्ता. हा केवळ शिष्टाचार नव्हे. दोनशे सभासदांचे पत्ते उघड्यावर गेले, की त्यांतल्या एकाच्या संगणकात शिरलेल्या लबाडालाही ते मिळतात, आणि शिवाय ‘मीही सहमत आहे’ एवढेच कळवणारी उत्तरे सर्वांना सर्वांकडून येत राहतात. वैयक्तिक जीमेल खात्यातून दिवसाकाठी पाचशेच्या वर पाठवणी करता येत नाही, आणि ही मर्यादा ओलांडली तर खाते काही काळ पत्रे पाठवूच देत नाही; तेव्हा मोठ्या मंडळांनी आपली यादी दोन-तीन दिवसांत विभागावी, किंवा अशा कामासाठी असलेली स्वतंत्र सेवा घ्यावी.

जुन्या याद्या वहीत आणण्याचे काम किचकट असले तरी करण्यासारखे आहे. ‘इम्पोर्ट’ने एका वेळी तीन हजारांपर्यंत नोंदी सीएसव्ही फायलीतून घेता येतात. अडचण फायलीत असते. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये सरळ दोनदा टिचकी मारून उघडली, की +९१ ने सुरू होणारा बारा आकडी क्रमांक एक्सेल ‘९.१९ई+११’ अशा गणिती रूपात दाखवते, आणि तशीच फाइल जतन केली की शेवटचे आकडे कायमचे नष्ट होतात. आरंभीची शून्ये तर आधीच गळालेली असतात, आणि देवनागरी नावांच्या जागी अगम्य चिन्हे उमटतात. ती फाइल तशी न उघडता एक्सेलच्या ‘डेटा’ या विभागातून आत घ्यावी, संकेतनासाठी यूटीएफ-८ निवडावे, आणि क्रमांकाचा व पिनकोडाचा रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून सांगावा. ज्या मंडळांच्या याद्या युनिकोडपूर्व काळात श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या टंकांत केलेल्या आहेत, त्या वरकरणी मराठी दिसल्या तरी आतून रोमन अक्षरांच्याच असतात, आणि टंक बदलताच त्यांचे स्वरूप उघडे पडते. त्यांचे आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे, दहा-वीस नावे ताडून पाहावीत, जोडाक्षरे व रफार नीट उतरले आहेत ना हे बघावे, आणि मगच सबंध यादी आत घ्यावी.

फोनमध्ये नवे नाव जतन करताना ते कुठे जाते आहे, सिममध्ये, फोनच्या पोटात की गूगलच्या खात्यात, हे पाहण्याची सवय लावावी. सिममध्ये नाव आणि क्रमांक यांपलीकडे फारसे काही मावत नाही, आणि फोनच्या पोटातली नोंद फोनबरोबर हरवते. अँड्रॉइडच्या ‘कॉन्टॅक्ट्स’मध्ये नव्या नोंदींचे मुक्काम-ठिकाण एकदाच ठरवता येते, आयफोनवाल्यांनी सेटिंग्जमध्ये गूगलचे खाते जोडून त्यातले ‘कॉन्टॅक्ट्स’ चालू करावे, नपेक्षा नवी नावे आयक्लाउडमध्ये जमा होतात आणि संगणकावर दिसत नाहीत.

वहीला कुणाकुणाची नजर लागते, याचाही हिशेब ठेवायला हवा. टॉर्चचे आणि राशिभविष्याचेही अ‍ॅप आपल्या पत्तेवहीची परवानगी मागते आणि आपण ती देऊन टाकतो. झटपट कर्ज देणाऱ्या काही अ‍ॅप्सनी अशा परवानगीचा गैरफायदा घेऊन कर्जदाराच्या नातेवाइकांना आणि वरिष्ठांना धमकीचे फोन केले, तेव्हा रिझर्व्ह बँकेला सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत कर्जाच्या अ‍ॅप्सनी फोनमधील संपर्क-यादीला हात लावू नये असे बजावावे लागले. फोनच्या सेटिंग्जमध्ये परवानग्यांच्या यादीत ‘कॉन्टॅक्ट्स’ उघडून, ज्या अ‍ॅपला ती आवश्यक नाही त्याची परवानगी तत्काळ काढून घ्यावी. आणि एटीएमचा पिन, लॉकरचा क्रमांक किंवा खात्याचा पासवर्ड ‘बँक मावशी’ अशा एखाद्या बनावट नावाखाली फोन नंबर म्हणून लपवण्याची जी युक्ती घरोघर चालते, ती आजच बंद करावी. परवानगी मिळालेल्या प्रत्येक अ‍ॅपला ते वाचता येते.

दिवंगतांच्या नोंदींचा प्रश्न नाजूक आहे. त्या काढून टाकायला हात धजत नाही, आणि ठेवल्या तर वाढदिवसाची आठवण दरवर्षी पडद्यावर येत राहते, किंवा सार्वजनिक शुभेच्छापत्र त्यांच्या पत्त्यावर जाऊन घरच्यांना वाचावे लागते. त्यांच्यावरची सगळी लेबले उतरवावीत, वाढदिवसाची चौकट रिकामी करावी, आणि नोंद तशीच राहू द्यावी; जुनी पत्रे शोधताना तिचा उपयोग होतो. आपल्यामागे आपली वही कुणाच्या हाती जावी, हेही ठरवून ठेवता येते. गूगलने २०१३ पासून दिलेल्या ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ या सोयीत, तीन ते अठरा महिन्यांची जी मुदत आपण नेमून देऊ तितका काळ खाते निःस्पंद राहिल्यास, आपण सांगितलेल्या कमाल दहा व्यक्तींना कळवले जाते आणि हवा तेवढा तपशील त्यांच्या हवाली होतो. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले असल्यामुळे, ज्यांचे जुने दुय्यम खाते नुसते पडून आहे त्यांनी त्यात एकदा तरी शिरून तिथली यादी मुख्य खात्यात आणावी.

संस्थेची वही ही खासगी वही नव्हे, एवढी एकच गोष्ट पदाधिकाऱ्यांना आग्रहाने सांगायची आहे. मंडळाच्या, ग्रंथालयाच्या किंवा सोसायटीच्या पत्रव्यवहारासाठी संस्थेच्या नावाचे स्वतंत्र खाते उघडावे, आणि आजवर ती यादी आपल्या वैयक्तिक खात्यात वाढवली असेल, तर पदभार सोडतेवेळी तिची सीएसव्ही नक्कल नव्या चिटणिसाच्या हवाली करावी, आपल्या वहीतून त्या लेबलाखालच्या नोंदी काढून टाकाव्यात, आणि यादी सुपूर्द केल्याची नोंद सभेच्या इतिवृत्तात करून घ्यावी.